रिलोडिंगचं सामान एवढं का महागलं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींत नेमबाजीचा नाद असलेले आता बरेच जण आहेत, आणि त्यातले काही घरच्या गॅरेजमध्ये आपली काडतुसं आपणच भरतात, म्हणजे रिलोडिंग करतात. २०२० नंतर या छंदाचं गणित पार बदललं. क्लबात, गणपतीच्या जेवणावळीत, फोनवर सारखे तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. खालचे भाव अमेरिकेतल्या दुकानांतले आणि ढोबळ आहेत. हिशेबासाठी पावडरीचे जे आकडे घेतले आहेत ते फक्त हिशेबासाठी आहेत. प्रत्यक्ष भराईचं माप पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यायचं.

रिलोडिंगला नेमकं काय काय लागतं?

काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्राइमर, आतली पावडर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी, पावडर आणि प्राइमर खर्ची पडतात. पुंगळी मात्र शाबूत राहते. ती गोळा करायची, साफ करायची, डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, काढून मूळ मापावर आणायची, नवा प्राइमर ठोकायचा, पावडर मोजून घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. पूर्ण काडतुसात पुंगळी हा बहुतेक वेळा सर्वांत महागडा भाग असतो. तो पुन्हा वापरता येतो, बचत होते ती तिथेच.

२०१९ च्या मानाने भाव किती चढले?

२०१९ मध्ये हजार प्राइमर ३० ते ३५ डॉलरला सहज मिळत. २०२१ मध्ये दुकानांत ते दिसेनासे झाले आणि खासगी विक्रीत लोक त्याच डबीचे १०० ते २०० डॉलर मागत होते. त्यानंतर भाव उतरले, पण ६० ते ८० डॉलरच्या आसपास येऊन थांबले. पावडरीचा एक पौंडाचा डबा २५ ते ३० डॉलरला यायचा. आता पिस्तुलाची पावडर ४० च्या आगेमागे आणि रायफलची चांगली पावडर ५० ते ६० ला जाते. गोळ्या एक तृतीयांश ते निम्म्याने महागल्या. म्हणजे सगळं सामान सारख्या प्रमाणात वाढलेलं नाही. प्राइमर आणि पावडर सर्वांत जास्त चढले, आणि नेमके तेच दोन भाग घरी बनवता येत नाहीत.

प्राइमरचाच एवढा तुटवडा का झाला?

प्राइमर हाताळताना तो किती छोटा आहे हे जाणवतं: मसुराच्या दाण्याएवढी धातूची वाटी, तळाशी कोरड्या रंगाच्या थेंबासारखा मसाला, त्यावर तिपाईसारखी बसवलेली इवलीशी ऐरण. पण तो मसाला लेड स्टिफनेटचा असतो. धक्क्याने, घर्षणाने, कपड्यांतल्या स्थिर विजेनेही तो उडतो. म्हणून कारखान्यात तो ओला ठेवतात आणि ओला असतानाच छिद्रांच्या पाट्यांमध्ये भरतात. हे काम जाड भिंतींच्या छोट्या छोट्या खोल्यांत, मुरलेल्या कामगारांकडून चालतं. मागणी दुप्पट झाली म्हणून दुसऱ्या महिन्यात उत्पादन दुप्पट करता येत नाही. नवी इमारत, परवाने, प्रशिक्षण यात वर्षं जातात.

त्यात अमेरिकेत प्राइमर मोठ्या प्रमाणावर बनवणारी नावं तेव्हा चारच: आयडाहोतल्या लुइस्टनची सीसीआय, मिनेसोटातल्या अनोकाची फेडरल, ऑलिन कंपनीची विंचेस्टर आणि आर्कान्सातल्या लोनोकची रेमिंग्टन. २०२० च्या जुलैत रेमिंग्टनने दिवाळं काढलं, म्हणजे ऐन मागणीत चारपैकी एक पाय लंगडा. तिचा काडतुसांचा धंदा त्याच वर्षी व्हिस्टा आउटडोअरने ८ कोटी १४ लाख डॉलरना घेतला आणि कारखाना पुन्हा मार्गाला लागेपर्यंत बराच काळ गेला. सीसीआय आणि फेडरल आधीपासून व्हिस्टाकडेच होत्या. २०२४ च्या अखेरीस हा सगळा काडतूस विभाग चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक उद्योगसमूहाने विकत घेतला. चारांतली तीन नावं आज एकाच मालकाची आहेत.

मागणीची बाजूही बघा. २०२० मध्ये करोना, शहरांतली दंगल आणि निवडणूक एकाच वर्षात आली. बंदूक खरेदीसाठी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्या त्या वर्षी ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या, तोवरचा उच्चांक. उद्योगाच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे ८० लाखांहून जास्त लोकांनी त्या वर्षी पहिल्यांदाच बंदूक घेतली. प्रत्येकाने घरी जाताना दोन-दोन खोकी काडतुसं घेतली तरी आकडा कुठे जातो बघा. व्हिस्टाकडे त्या वर्षाअखेरीस १०० कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या मागण्या तुंबल्या होत्या. कारखान्यातून निघालेला प्राइमर आधी तयार काडतुसात गेला, कारण नफा तिथे आहे. उरला तो सुटा विकायला. आणि उरलाच नाही.

पुढच्या वर्षी आणखी एक दार बंद झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने रशियन दारूगोळ्याच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले आणि ७ सप्टेंबरपासून ते लागू झाले. स्वस्तातले रशियन प्राइमर वापरणारे बरेच होते. ती मंडळीही उरलेल्या मालाच्या रांगेत आली.

आणि पावडर? ती तर इतकी गुंतागुंतीची नसावी.

पावडरीची गोष्ट प्राइमरपेक्षा मोठी आहे, आणि ती अजून संपलेली नाही.

बिनधुराच्या पावडरीचा पाया नायट्रोसेल्युलोज. ते तयार होतं शुद्ध सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून, आणि चांगल्या प्रतीचं सेल्युलोज येतं कापसापासून. विदर्भातल्या वाचकांना हे लगेच कळेल: जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, ती खरवडून काढलेला माल म्हणजे लिंटर. कापड गिरणीला त्याचा उपयोग नाही, पण बारूद कारखान्याला तोच हवा असतो. चीन हा लिंटरचा मोठा पुरवठादार. लाकडाच्या लगद्यापासूनही काम चालतं, पण एका कच्च्या मालावर बसवलेला कारखाना दुसऱ्यावर वळवायला वेळ लागतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तोफखान्याचं युद्ध सुरू झालं. त्याआधी अमेरिका १५५ मिलिमीटरचे तोफगोळे महिन्याला साधारण १४,००० बनवत असे. नंतर उद्दिष्ट ठरलं महिन्याला १,००,०००. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला दहा लाख गोळे द्यायचं ठरवलं. आता एक हिशेब करू. लांब पल्ल्याच्या एका बाराला पाच किलो पावडर लागते असं धरलं, प्रत्यक्षात अनेकदा त्याहून जास्तच लागते, तर ते होतात ७७,००० ग्रेन (पावडर तोलायचं छोटं वजन). रायफलच्या एका काडतुसाला ४२ ग्रेन धरले, तर तोफेचा एक बार म्हणजे १,८०० हून अधिक काडतुसं. आपल्यातला बऱ्यापैकी सराव करणारा माणूस वर्षभरात तेवढी उडवत नाही.

तोफेची पावडर आणि आपल्या डब्यातली पावडर एक नसते, पण दोन्हींचं मूळ एकच. शिवाय आपल्या लाडक्या पावडरी जिथे बनतात ते कारखाने लष्करी कामाचेच आहेत. हॉजडन ही कंपनी कॅन्ससची, पण तिच्या व्हारगेट, एच४३५०, एच१००० या पावडरी येतात ऑस्ट्रेलियातल्या मलवाला इथल्या कारखान्यातून. आयएमआर नावाच्या पावडरी क्वेबेकमधल्या व्हॅलीफील्डच्या. विंचेस्टर आणि हॉजडनच्या गोलदाणी पावडरी फ्लोरिडातल्या सेंट मार्क्सच्या. अलायंटच्या रिलोडर मालिकेतल्या बऱ्याचशा स्वीडनच्या. व्हिह्टाव्हुओरी फिनलंडची. व्हर्जिनियातला रॅडफर्डचा कारखाना तर अमेरिकी सैन्याच्याच मालकीचा. डब्यांवर दहा नावं दिसतात, पण मागे मोजके कारखाने आहेत, आणि सरकारी मागणी आली की आधी ती पूर्ण होते. २०२३ च्या अखेरीस व्हिस्टाने व्यापाऱ्यांना पत्र लिहून जगभर पावडरीची टंचाई येणार असल्याचं कळवलं आणि भाव वाढवले. २०२४ मध्ये तिच्याच अलायंटच्या अनेक पावडरी दुकानांतून दिसेनाशा झाल्या.

या सगळ्या महागाईचं मूळ मला इथे दिसतं. सैन्य पहिलं, तयार काडतुसं दुसरी, आणि सुटं सामान घेणारा रिलोडर अगदी शेवटी. भरपूर माल असतो तेव्हा शेवटच्यालाही स्वस्तात मिळतं. टंचाई आली की पहिला चटका त्याला बसतो आणि सर्वांत उशिरा सुटकाही त्याचीच होते.

अमेरिकेतला शिशाचा शेवटचा कारखाना बंद पडला, म्हणून गोळ्या महागल्या असं म्हणतात. खरं का?

अर्धवट खरं. मिसूरीतल्या हर्क्युलेनियमचा, खनिजातून शिसं काढणारा अमेरिकेतला शेवटचा प्राथमिक भट्टीकारखाना डिसेंबर २०१३ मध्ये बंद झाला. पण गोळ्यांसाठी लागणारं शिसं मुख्यतः जुन्या बॅटऱ्या वितळवून मिळतं, आणि ते काम अमेरिकेत चालूच आहे.

गोळ्या महागण्याचं मोठं कारण तांबं आहे. गोळीवरचं आवरण तांब्याच्या मिश्रधातूचं, आणि पुंगळीच्या पितळेत ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. मार्च २०२० मध्ये तांबं टनाला ५,००० डॉलरच्या खाली होतं. मे २०२१ मध्ये ते १०,००० च्या वर गेलं. ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने अर्धतयार तांब्याच्या आयातीवर ५० टक्के शुल्क लावलं. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाची गोळी २०१९ पासून पूर्ण बंद आहे, त्यामुळे तिथल्या शिकाऱ्याला बिनशिशाची, बहुतेकदा निखळ तांब्याची गोळी घ्यावी लागते आणि ती मुळातच महाग.

कंपन्या मुद्दाम माल दाबून ठेवतात का?

मला तसं वाटत नाही. जो माल तयार होताहोताच विकला जातो तो गोदामात ठेवून कंपनीला काय मिळणार? माल दाबला तो आपल्यातल्याच लोकांनी. सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर, २०१३ मध्ये, साध्या .२२ च्या काडतुसांचे डबे महिनोन्‌महिने गायब झाले होते. कारखाने तेव्हाही चालूच होते. दुकान उघडायच्या आधी रांग लावून सगळा माल उचलायचा आणि संध्याकाळी तिप्पट भावाने विकायचा, हे तेव्हा झालं आणि २०२१ मध्येही झालं. गरजेपुरता साठा ठेवण्यात काही गैर नाही. पण क्लबात येणारी शाळकरी पोरं सरावाला काडतूस मिळत नाही म्हणून हात हलवत परत जात होती, आणि त्याच गावात कुणाच्या तरी तळघरात प्राइमरच्या पेट्या रचून ठेवलेल्या होत्या. याचा मला अजूनही राग येतो.

मग आता रिलोडिंग परवडतं की नाही?

तुम्ही काय उडवता त्यावर आहे. सरसकट हो किंवा नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आधी ९ मिलिमीटर पिस्तूल. एका पौंडात ७,००० ग्रेन. हिशेबाला साडेचार ग्रेन धरले आणि डबा ४० डॉलरचा, तर पावडर अडीच सेंटची. प्राइमर साडेसात सेंट. गोळी दहा-अकरा सेंट. पुंगळी मैदानावरून उचललेली, फुकट. एकूण २० ते २१ सेंट. तयार काडतूस घाऊक घेतलं तर २२ ते २६ सेंटला मिळतं. हजारामागे फार तर चाळीस-पन्नास डॉलर सुटले, आणि त्यासाठी साध्या सिंगल-स्टेज प्रेसवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या दांड्याच्या यंत्रावर) कित्येक संध्याकाळी गेल्या. २०१९ मध्ये हेच काडतूस घरी साधारण साडेबारा सेंटला पडायचं आणि दुकानात १८ ते २० ला. तेव्हा टक्केवारीत बचत चांगली होती. ९ मिलिमीटरसाठी नवी यंत्रं घेऊन बसावं असं मी आज कुणाला सुचवणार नाही.

आता ६.५ क्रीडमूर, लांब पल्ल्याच्या स्पर्धेतल्या रायफलीचं काडतूस. ५५ डॉलरच्या डब्यातून ४२ ग्रेन म्हणजे ३३ सेंट. प्राइमर ९. स्पर्धेच्या प्रतीची गोळी ४५. पुंगळी सव्वा डॉलरच्या आसपास, पण दहादा वापरली तर १२. बेरीज ९९ सेंट, म्हणजे डॉलरच. त्याच प्रतीचं तयार काडतूस १ डॉलर ६० ते २ डॉलर २० सेंटला. इथे प्रत्येक बारामागे निदान साठ सेंट वाचतात, आणि वर तुमच्या नळीला मानवणारी भराई तुम्ही स्वतः शोधू शकता. दुकानातल्या खोक्यात ते मिळत नाही.

जुन्या, कमी चालणाऱ्या काडतुसांचं गणित तर याहून स्पष्ट आहे. .४५-७० किंवा मोठी मॅग्नम रिव्हॉल्व्हर काडतुसं दुकानात मिळाली तरी खोक्याचा भाव बघून लोक परत ठेवतात. घरी भरली तर खर्च अर्ध्यावर येतो.

एक बाब हिशेबात बहुतेक जण धरत नाहीत. तयार काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय अबकारी कर असतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळतो. तो छापील भावात आधीच मिसळलेला असतो. जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाने त्यावर स्वतःचा आणखी ११ टक्के कर लावला आहे.

शॉटगनची काडतुसं भरण्यात काही राम उरलाय का?

थोडा. छऱ्यांची २५ पौंडांची पिशवी आता ५० डॉलरच्या घरात आहे. काडतुसाला सव्वा औंसाच्या जरा खाली, म्हणजे १⅛ औंस छर्रे घातले तर एका पिशवीत ३५५ काडतुसं होतात. एक औंस घातला तर ४००. ⅞ औंस घातला तर ४५७. आमच्याकडचे जुने ट्रॅप (उडत्या मातीच्या थाळ्या फोडण्याचा खेळ) नेमबाज हळूहळू ⅞ वर आले आहेत, आणि जवळच्या अंतरावर त्यांच्या फुटलेल्या थाळ्यांत काही फरक पडलेला मी पाहिलेला नाही. १२ बोअरच्या साध्या सरावी काडतुसात बचत नावापुरती आहे. २८ बोअर आणि .४१० मध्ये ती अजून चांगली आहे, कारण तयार खोकी त्या बोअरमध्ये फार महाग असतात.

आपली नेहमीची पावडर मिळत नसेल तर तिच्या जवळची दुसरी चालेल?

हा प्रश्न आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो, कारण टंचाईत बंदुका फुटतात त्या बऱ्याचदा इथे.

नावातला आकडा सारखा म्हणजे पावडर सारखी, असं कधीही समजू नका. एच४३५०, आयएमआर ४३५० आणि अॅक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत. त्यांचा जळण्याचा वेग वेगळा, भराई वेगळी. ज्वलनवेगाच्या तक्त्यात दोन नावं शेजारी असली म्हणूनही एकीचं माप दुसरीला लागू होत नाही. मोजक्या जोड्या मात्र खरोखर एकच आहेत, आणि ते कंपनीने स्वतः सांगितलेलं आहे: एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर, तसंच एच११० आणि विंचेस्टर २९६. शेल्फवर एकीचा खण रिकामा असेल तर दुसरी बघा. या जोड्यांबाहेर पावडर बदलली की त्या पावडरीचा, त्या गोळीचा तक्ता काढायचा, खालच्या मापापासून सुरुवात करायची आणि दाब वाढल्याच्या खुणा पाहत वर जायचं.

गन शोमध्ये कुणाच्या आजोबांच्या कपाटातले अर्धे डबे स्वस्तात मिळतात. उघडलेला डबा घेऊ नका, आत लेबलावरचीच पावडर आहे याची खात्री कोण देणार? स्वतःच्या जुन्या डब्यालाही आंबट, झोंबणारा वास येत असेल किंवा आत तांबूस भुकटी दिसत असेल, तर ती पावडर खराब झाली आहे. साठ डॉलर वाचवायला हाताची बोटं पणाला लावू नका.

प्राइमर किंवा पावडर घरी बनवता येईल का?

नाही. तो नाद करू नका.

मग घरी काय करून खर्च उतरवता येतो?

पुंगळी जपणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. कडक भराई टाळली, पुंगळीची मान अधूनमधून अॅनील केली म्हणजे तापवून नरम केली, आणि डायने पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला नाही, तर रायफलच्या पुंगळ्या आठ-दहा फेऱ्या आरामात देतात. प्रत्येक फेरीला बुडाच्या वर अर्ध्या बोटावर चमकदार रेघ उमटली आहे का बघा. पेपरक्लिपचं टोक वाकवून पुंगळीच्या आतून खालून वर फिरवलं, आणि तिथे खाच लागली, तर ती पुंगळी फाटायच्या बेतात आहे. भंगारात टाका.

शिशाच्या गोळ्या ओतणं हा दुसरा मार्ग, मुख्यतः पिस्तूल आणि जुन्या रायफलींसाठी. पूर्वी टायरच्या दुकानातून चाकांना लावायची शिशाची वजनं बादलीभर मिळायची. आता त्यांत जस्ताची आणि लोखंडाची जास्त असतात, आणि भांड्यात जस्त मिसळलं की सगळा ओत बिघडतो. ओतकाम उघड्या हवेत करा, तिथे खाऊ-पिऊ नका, नंतर हात धुवा, ते कपडे पोरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. घरात लहान मूल असेल तर मी हा उद्योग घरात करूच नका म्हणेन.

ऑनलाइन मागवलं तर स्वस्त पडतं का? किती साठवता येतं?

पावडर आणि प्राइमर हा धोकादायक माल. सरकारी टपाल तो घेत नाही. खासगी कुरियर घेतं आणि त्यावर वेगळी हॅझमॅट फी पडते, वीस ते पन्नास डॉलर. एकच डबा मागवला तर फी त्याच्या किमतीएवढी होऊ शकते. म्हणून एक तर जवळच्या दुकानात मिळेल तो घ्या, किंवा वर्षभराचं एकदाच मागवा. काही दुकानं ठरावीक रकमेवर ही फी माफ करतात, त्या सवलतीची वाट बघा.

साठ्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय अग्निसुरक्षा संहितेवरून आलेली आहे: घरात मूळ डब्यांतली पावडर २० पौंडांपर्यंत, त्यापुढे ५० पर्यंत निदान एक इंच जाड लाकडी पेटीत, आणि प्राइमर १०,००० पर्यंत. तुमच्या शहराचा नियम याहून कडक असू शकतो आणि घरविम्याच्या अटी वेगळ्याच, त्या वाचा. घट्ट बंद लोखंडी पेटीत पावडर कधी ठेवू नका. आग लागली तर तिचा बाँब होतो.

मी एच-१बी वर आहे. प्राइमर-पावडर तर विकत घेता येते ना, बंदूक नसली तरी?

इथे फार लोक फसतात. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे बिगर-स्थलांतरित व्हिसा. केंद्रीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूकच नव्हे तर दारूगोळाही बाळगायला मनाई आहे, आणि त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत पुंगळी, प्राइमर, गोळी आणि पावडर हे चारही सुटे भाग येतात. कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत. सर्वांत वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. दुकानदार प्राइमर विकताना तुमचा व्हिसा विचारेलच असं नाही, म्हणून जबाबदारी तुमच्यावर आहे. चूक झाली तर इमिग्रेशनचं सगळं प्रकरण अडकू शकतं. आधी वकिलाशी बोला, मग खरेदी.

स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. भरून विकायची असतील तर लागतो.

भारतात रिलोडिंग करता येतं का?

परवान्याशिवाय अजिबात नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे.

आपल्याकडच्या खेळाडूंचा प्रश्नही वेगळा आहे. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, आणि तिथे .२२ रिमफायर काडतूस चालतं. त्याचा मसाला पुंगळीच्या कडेच्या पोकळ घडीतच भरलेला असतो, वेगळा प्राइमर नसतो. एकदा उडालं की पुंगळी भंगार. त्यामुळे तिथे स्वतः भरून पैसे वाचवायचा मार्गच नाही, आणि आयात काडतुसांच्या भावाचा सगळा भार खेळाडूवर, त्याच्या क्लबवर किंवा प्रायोजकावर येतो. घरची ओढाताण असलेल्या मुलामुलींना दहा मीटर एअर रायफलवरून पुढे सरकताना पहिली भिंत हीच लागते. ऑलिंपिकच्या वर्षी टाळ्या वाजवणाऱ्यांनी मधल्या तीन वर्षांत एखाद्या तालुक्याच्या मुलीचा काडतुसांचा खर्च उचलला, तर मोठं काम होईल.

भारतात जाताना रिकाम्या पुंगळ्या भेट म्हणून नेल्या तर?

नेऊ नका. भारतीय कायद्यात दारूगोळ्याचे भागही दारूगोळ्यातच धरले जातात. विमानतळावर बॅगेच्या तळाशी एक विसरलेलं काडतूस सापडलं म्हणून गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या नेहमी येतात. ते तिथे आहे हे माहीत नव्हतं, हे कोर्टात पटवता येतं, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि वकील लागलेला असतो. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला कधीच वापरू नका, आणि जॅकेटचे आतले खिसे उलटे करून बघा. पुंगळ्या तिथेच जाऊन बसतात.

भाव पुन्हा २०१९ ला होते तिथे येतील का?

प्राइमर आणखी थोडे उतरू शकतात. ती टंचाई मुख्यतः घबराटीच्या खरेदीची होती आणि ती लाट ओसरली आहे. पावडरीचं तसं नाही. युद्ध उद्या थांबलं तरी अमेरिका आणि युरोपातल्या सैन्यांची रिकामी झालेली कोठारं भरायला वर्षं लागणार, आणि तोवर नायट्रोसेल्युलोज तिकडेच जात राहील. तांब्यालाही विजेच्या गाड्यांपासून डेटा सेंटरपर्यंत सगळीकडून मागणी आहे. भाव पडायची वाट बघत सराव थांबवू नका.

मी आता नव्याने सुरुवात करावी का?

मध्यम किंवा मोठ्या रायफलीने नियमित नेम धरत असाल, शिकार करत असाल, किंवा जुनं आडवळणी काडतूस वापरत असाल तर हो. साधा सिंगल-स्टेज प्रेस, एक डाय-संच, खात्रीचा तराजू, कॅलिपर आणि चालू आवृत्तीचं भराईचं पुस्तक एवढ्यावर भागतं. प्रेस जुना घेतलात तरी चालेल, लोखंड सहजी झिजत नाही. तराजू मात्र नवा घ्या. आणि यंत्र घ्यायच्या आधी प्राइमर व पावडर मिळते का ते बघा: तुमच्या काडतुसाला चालणाऱ्या तीन पावडरींची नावं तक्त्यातून लिहून घ्या, जवळच्या दुकानात जा, आणि त्यातली जी शेल्फवर असेल तिच्याभोवती पहिली भराई आखा. पहिल्या काही संध्याकाळी क्लबातल्या एखाद्या जुन्या माणसाच्या बाकावर, त्याच्या नजरेखाली काढा. बहुतेक जण आनंदाने शिकवतात.